पहिली टाळी

ल्युवीना गुरुवारी संध्याकाळी आली. शनिवारपर्यंत घरातल्या कुणीही तिला विचारलं नाही, की बाई, तू नेमकी कशासाठी आलीस. टिडवेलांच्या घरात असले प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. माणसाच्या ताटात आणखी दोन घास वाढायचे आणि तो आपणहून बोलेल याची वाट बघायची, एवढंच त्यांना येत होतं. आर्डेलाने तीन दिवस बहिणीला वाढवाढ वाढलं. ल्युवीना खात होती, हसत होती, पण मुद्द्यावर येत नव्हती.

रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात आली ती साध्या निळ्या झग्यात, तोंडाला रंग नाही, केस मागे बांधलेले. सदुसष्टाव्या वर्षीही तिची मान तशीच ताठ होती. आर्डेला केकवर साखरेचा पाक ओतत होती. तो थंड व्हायच्या आत पसरावा लागतो, त्यामुळे तिने मान वर केली नाही.

"डेला," ल्युवीना म्हणाली, "मला आज पुकारतील का गं?"

तीन वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिचा आवाज असा झाला होता, बिजागरीला तेल न घातलेल्या दारासारखा. पण वाक्य स्पष्ट होतं. आर्डेलाचा हात थांबला आणि पाक केकच्या एका बाजूला घट्ट झाला.

"यादी हॉयटकडे असते," ती म्हणाली.

"ते मला माहीत आहे. तो पुकारेल का, ते विचारतेय."

जुलैचा दुसरा रविवार म्हणजे गाण्याचा रविवार. डोंगरावरच्या त्या लाकडी चर्चमध्ये सत्तर-ऐंशी माणसं चौकोन करून बसतात. एका बाजूला मूळ चाल गाणारे, त्यांच्या समोर आल्टोच्या, म्हणजे खालच्या सुरात गाणाऱ्या, बायका, उरलेल्या दोन बाजूंना टिपेचे आणि खर्जाचे. तोंडं आत, पाठी जगाकडे. आलेल्या प्रत्येकाला दिवसातून एकदा नावाने पुकारतात. त्याने उठून मधोमध उभं राहायचं, आडव्या पुस्तकातल्या हव्या त्या गाण्याचा आकडा सांगायचा आणि हाताने ताल देत ते सगळ्यांकडून गाऊन घ्यायचं. सहा वर्षांच्या पोरीला पुकारतात, ठार बहिऱ्या म्हाताऱ्यालाही पुकारतात. तिथे पुकारणं बंद झालेलं असं एकच माणूस आर्डेलाला माहीत होतं, आणि ते आता तिच्याच ओट्याला टेकून उभं होतं. छत्तीस वर्षं झाली त्याला.

"मी बोलते त्याच्याशी," आर्डेला म्हणाली.

तेवढ्यात तिची मुलगी जोनेल गाडीच्या किल्ल्या खुळखुळवत आली. गावातल्या शाळेत शिकवते, त्यामुळे जगातल्या सगळ्यांना उशीर होतोय असं तिला कायम वाटतं.

"मावशी, आज किती साधी दिसतेस. टीव्हीवर सूप विकायचीस तेव्हा केवढी नटायचीस."

"सुपाची चव घेतली असतीस तर कळलं असतं मला का नटवायचे ते," ल्युवीना म्हणाली.

जोनेल हसली. आर्डेलाही हसली, पण तिचं लक्ष केकच्या त्या घट्ट झालेल्या बाजूवर होतं.

गाडीत आर्डेला मागे बसली. पुढे त्या दोघींच्या गप्पा चालल्या होत्या. डोंगराचा चढ लागला तशी तिला जुनी वाट आठवली, खेचराच्या गाडीची. मम्मा मधे आणि या दोघी दोन बाजूंना. आल्टो त्यांना मम्मानेच शिकवला, भाजी निवडताना, कपडे पिळताना. आधी फा-सो-ला करत सुरांची नावं म्हणायची, मग शब्द. आल्टोला स्वतःची अशी चाल नसते, मम्मा म्हणायची, तो नुसता ऐकला तर चुकल्यासारखा वाटतो, पण तो काढून घ्या आणि मग गाऊन बघा. आर्डेलाला ते पटायचं. ल्युवीनाला ते कधीच पटलं नाही. ती गुपचूप चालवाल्यांची ओळ गुणगुणायची आणि मम्मा तिला कोपराने ढोसायची.

अठराव्या वर्षी ती बर्मिंगहॅमला गेली, रेडिओवर. पिठाच्या एका कंपनीचा सकाळचा कार्यक्रम होता. घरात बॅटरीवरचा रेडिओ होता, आणि पपा शेतावर गेले की मम्मा तो लावायची. पपा परत यायच्या आत बंद करायची. बॅटरी एवढी लवकर कशी उतरते, हे पपांना कधी कळलं नाही, किंवा त्यांनी ते कळवून घेतलं नाही. मग शिकागो, मोठा वाद्यवृंद. मग दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी कॅलिफोर्निया. अकरा सिनेमे. पहिल्या चारांत ती नायिकेची मैत्रीण होती, पाचव्यापासून नायिका. नाव घेतलं लिव्ही डेल. त्यातलं डेल कुठून आलं ते वर्तमानपत्रवाल्यांना कधी समजलं नाही. आर्डेलाने ते पोस्टरवर पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती बाजाराच्या पिशव्या खाली ठेवून रस्त्यात रडली होती.

तो पाचवा सिनेमा तिने नऊ वेळा पाहिला. पपांना सिनेमा म्हणजे पाप, त्यामुळे ती दर वेळी दाताच्या डॉक्टरकडे जाते असं सांगायची. नवव्या वेळी परत आली तेव्हा पपा पडवीत बसले होते. "आता तोंडात दात उरलेत तरी किती?" एवढंच त्यांनी विचारलं. आर्डेलाला अजूनही ते आठवून हसू यायचं. माणूस तसा वाईट नव्हता, आणि हेच तर कठीण होतं.

चर्चच्या आवारात हॉयट पंपाशी उभा होता, हातात यादी, कानावर पेन्सिल. दोघी बहिणींचा धाकटा भाऊ, पण पपा गेल्यापासून तोच गाण्याचा कारभार बघायचा. आर्डेला थेट त्याच्याकडे गेली.

"हॉयट, ल्युवीचं नाव घाल यादीत."

त्याने यादीवरून नजर काढली नाही. "पपांनी काय सांगितलं होतं ते तुला ठाऊक आहे."

"पपांना जाऊन चोवीस वर्षं झाली."

"माणूस गेला म्हणून त्याचा शब्द जातो का?" हॉयटने पेन्सिल कानावरून काढून पुन्हा कानावर ठेवली. "डेला, मला काय तिचं वाईट बघायचंय? कालच माझ्या नातीने तिच्यासोबत फोटो काढला. जेवायला ये, बाकावर बस, गा. पण मधे उभी नाही राहायची ती. तिने त्या दिवशी इथे टाळ्या वाजवायला माणसं पढवून आणली होती. देवाच्या घरात. पपांनी खालमानेने घरी जाणं मी त्या एकाच दिवशी पाहिलं."

"पढवून नव्हती आणली."

"तुला काय माहीत?"

आर्डेलाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. आतून कोय मॅशबर्नने, सूर लावून द्यायचं काम त्याचं, पहिल्या गाण्याचा सूर दिला आणि माणसं दाराकडे वळली. तिने तोंड मिटलं आणि ती पण वळली. हे तिला छत्तीस वर्षांच्या सरावाने छान जमायचं.

सकाळभर दोघी आल्टोच्या पहिल्या बाकावर शेजारी शेजारी बसल्या. हॉयट नावं पुकारत होता. कोय मॅशबर्न. एका पानावर दोन गाणी असतात, त्याने वरचं सांगितलं. त्याची सून. खालचं. जोनेलला पुकारलं, तिने घाईघाईने एक लांब गाणं निम्म्या वेळात उरकलं आणि टिपेच्या बायकांनी तिच्याकडे डोळे वटारले. ल्युवीनाचे ओठ हलत होते, आवाज बाहेर येत नव्हता. दर नावाला तिचा हात पुस्तकावर थोडा घट्ट व्हायचा. मग दुसरंच नाव यायचं आणि हात सैल पडायचा. जगातल्या मोठाल्या नाटकघरांतून हिचं नाव दिव्यांनी लिहिलेलं आणि इथे ही शाळेतल्या पोरीसारखी वाट बघतेय, हे आर्डेलाला शेजारी बसून बघवेना.

दुपारी झाडांखालच्या लांब टेबलांवर जेवण मांडलं. तळलेली कोंबडी, लोण्यातले वाल, भेंडी, मक्याचा पाव, केळ्याचं पुडिंग. आर्डेलाचा केक एका बाजूने ओबडधोबड होता, तरी तोच आधी संपत आला. जोनेल ताट घेऊन मावशीसमोर बसली.

"मावशी, एक विचारू? त्या दिवशी नेमकं काय झालं? घरात कुणी धड सांगत नाही. आणि मी तिथे होते म्हणे."

"होतीस की. मागच्या बाकाखाली गोधडीवर झोपली होतीस. दोन महिन्यांची होतीस." ल्युवीनाने चमचा खाली ठेवला. "सिनेमाचं काम संपवून मी आले होते. डॅनी होता बरोबर, माझा नवरा. कंपनीने फोटोवाला दिला होता. पपांनी मला पुकारलं. स्वतः. केवढा आनंद झाला होता मला. मधे उभी राहिले, गाणं सांगितलं, आणि मग डोक्यात काय आलं कोण जाणे, मी गायला लागले. इथे गातात तसं नाही. तिकडे गायचे तसं. वळणं घेत, सूर लांबवत. तर एकेक माणूस गायचा थांबला. मला वाटलं, ऐकताहेत."

"मग?"

"मग ऐकतच होते ना, तेच तर झालं. इथे कुणी ऐकायला येत नाही गं. ज्याला ऐकायचंय त्याने घरी रेडिओ लावावा, असं पपा म्हणायचे. शेवटी मी एकटीच गात होते आणि गाणं संपलं तेव्हा मागून टाळी वाजली. एक. मग आणखी. पपांनी मागे वळून पाहिलं तर डॅनी आणि तो फोटोवाला टाळ्या वाजवत होते. फोटोवाल्याने तर शिट्टीही घातली मूर्खाने. बाहेरगावचे बघे आले होते, तेही सुरू झाले. संध्याकाळी पपा म्हणाले, तू भाड्याने माणसं आणलीस. मी म्हटलं नाही आणली. ते म्हणाले, वर खोटंही बोलतेस. मग मीही बोलायचं ते सगळं बोलले."

हॉयट कोंबडीचा आणखी एक तुकडा घ्यायला आला होता. तो ताट हातात धरून तसाच उभा राहिला.

"डॅनी शेवटपर्यंत शपथेवर सांगायचा की पहिली टाळी त्याची नव्हती," ल्युवीना म्हणाली. "कुणीतरी वाजवली म्हणून मी वाजवली, म्हणायचा. मी म्हणायची, माझी माणसं मला ठाऊक आहेत, त्यांच्यात कुणी मेलं तरी टाळी वाजवणार नाही. कुठलंही भांडण असो, फिरून तिथेच यायचं. तीन वर्षांनी तो गेला घर सोडून. नुसतं त्यावरून नाही मोडलं, आणखीही होतं बरंच. पण सुरुवात तिथली. परवाच्या हिवाळ्यात तो आजारी होता म्हणून भेटायला गेले, तर खाटेवरून म्हणतो, ल्युवी, ती टाळी माझी नव्हती. मी म्हटलं, असू दे रे आता. आठवड्याने तो गेला. असू दे म्हणाले मी. विश्वास नाही ठेवला."

आर्डेलाच्या हातात चहाचा ग्लास होता. तिने तो टेबलावर ठेवला, नीट, मधोमध.

"माझी होती," ती म्हणाली.

"काय तुझी होती?" जोनेलने विचारलं.

"टाळी. पहिली. तुला झोपवून मी मागेच उभी राहिले होते, डॅनीला लागून. हात रिकामे होते. मी तो सिनेमा नऊ वेळा पाहिला होता, आणि तिथे टाळी वाजवायची सोय नसायची, अंधारात एकटी बाई, लोक काय म्हणतील. त्या दिवशी हिला समोर उभी बघितली आणि वाजली. माझं मलाच कळलं नाही. मग डॅनीने वाजवली आणि मी हात झग्याच्या खिशात घातले. पपा वळले तोवर माझे हात खिशात होते."

पलीकडच्या टेबलावर पुडिंगवरून कुणाची तरी थट्टा चालली होती.

ल्युवीना बहिणीकडे बघत होती. तिच्या तोंडावर राग नव्हता, रडू नव्हतं. सिनेमात ती अशा वेळी काय करायची ते आर्डेलाला तोंडपाठ होतं, आणि त्यातलं काहीच ती करत नव्हती. ती उठली, ताट उचललं, त्यातलं उरलेलं खरकट्याच्या डब्यात टाकलं आणि गाड्या लावल्या होत्या त्या बाजूला चालत गेली.

जोनेल उठायला लागली. "बस खाली," आर्डेला म्हणाली. जोनेल बसली.

"छत्तीस वर्षं, डेला," हॉयट म्हणाला. "त्या संध्याकाळी तू घरात होतीस. पपा तिला बोलत होते तेव्हा तू भांडी घासत होतीस, मला आठवतंय. एक शब्द बोलायचा होतास."

"भीती वाटली."

"कशाची? मारलं असतं का पपांनी?"

"बाकावरून उठवलं असतं." आर्डेला त्याच्याकडे न बघता बोलत होती. "हिच्याकडे सगळं होतं, हॉयट. सिनेमे होते, कॅलिफोर्निया होतं. माझ्याकडे तो आल्टोचा बाक होता. तेवढी एकच जागा होती जिथे मी नसले तर कुणाला कळलं असतं. ती गेली तर जाईल आपल्या घरी, तिला काय कमी आहे, असं मनाशी म्हटलं. आणि खरं सांगू? ती गेली तेव्हा मला थोडं बरंही वाटलं. इथे पुन्हा मीच होते."

हॉयटने ताटातल्या कोंबडीकडे पाहिलं. मग त्याने ती परत मोठ्या थाळीत ठेवली, जी गोष्ट या आवारात आजवर कुणी केली नसेल, आणि खिशातून यादी काढली.

"पपा चुकले म्हणजे," तो म्हणाला. हे वाक्य त्याने एकसष्ट वर्षांत कधी उच्चारलं नव्हतं आणि ते त्याला जड गेलं. त्याने पेन्सिलीने यादीत काहीतरी लिहिलं. "पण ती आता थांबलीय की निघाली?"

"गाडीत बसलीय," जोनेल म्हणाली. "माझ्या. किल्ल्या मी आतच ठेवल्यात."

दुपारचं गाणं सुरू झालं तेव्हा आर्डेलाच्या शेजारची जागा रिकामी होती. मागच्या बाकावरची एक बाई पुढे सरकायला उठली, आर्डेलाने तिथे आपलं पुस्तक ठेवलं. ती गात होती. आल्टोच्या बाकीच्या बायका तिच्यावर विसंबून असत, ती शिरली की त्या शिरायच्या, असा पन्नास वर्षांचा परिपाठ होता, त्यामुळे न गाऊन भागत नव्हतं. पण तिचे कान बाहेर होते. गाडी सुरू झाल्याचा आवाज येतोय का, एवढंच ती ऐकत होती. गेली तरी बोलायला जागा नाही, असं तिला वाटत होतं. आपण हिची दोन माणसं खाल्ली, बाप आणि नवरा, आणि वर तीन दिवस तिला वाढवाढ वाढलं.

दोन गाणी झाली. हॉयट उठला. त्याने घसा साफ केला.

"ल्युवीना टिडवेल," त्याने पुकारलं.

जुन्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. कोयने चष्मा काढून पुन्हा घातला. पुकारल्यावर माणूस आला नाही तर लगेच पुढचं नाव घ्यायचं अशी रीत आहे, कारण दिवस छोटा आणि माणसं फार. हॉयटने पुढचं नाव घेतलं नाही. तो उभा राहिला. हातपंख्यांचा आवाज येत होता.

"ल्युवीना टिडवेल," तो पुन्हा म्हणाला, मोठ्याने.

मागचं दार करकरलं. ल्युवीना बाकांच्या मधून चालत आली. ती आर्डेलाजवळून गेली, तिच्याकडे न बघता, आणि चौकोनात उभी राहिली, चालवाल्यांकडे तोंड करून, जसं उभं राहायचं असतं तसं. आर्डेलाला तिची फक्त पाठ दिसत होती.

"दोनशे अकरा," ती त्या फाटक्या आवाजात म्हणाली. "खालचं."

पानं सळसळली. कोयने सूर दिला. ल्युवीनाने हात वर केला आणि सगळ्यांनी आधी सुरांची नावं म्हटली. तिचा हात वर-खाली होत होता, सरळ, नटवा नाही, पपांचा व्हायचा तसा. ती स्वतः गात नव्हती. तिथे मधोमध उभं राहिलं की चारही बाजूंनी गाणं अंगावर येतं, बाकावर बसून कधी ऐकू येत नाही तसं, आणि ती ते घेत होती.

मग शब्द. हे गाणं अर्ध्यावर फुटतं. सगळे थांबतात आणि एकेक बाजू आपापल्या वेळी आत शिरते, आणि मधला माणूस वळून प्रत्येकाला हाताने आत घेतो. ल्युवीना आधी खर्जाकडे वळली, खर्ज शिरला. मग चालवाल्यांकडे. हॉयट तिथे पहिल्या बाकावर होता, डोळे पुसत आणि बेसूर गात. मग टिपेकडे, जोनेलकडे. राहिला आल्टो. तो शेवटी येतो.

ती वळेल की नाही, आर्डेलाला कळेना. न वळताही आल्टो शिरू शकतो, पुस्तकात लिहिलेलं असतं.

ल्युवीना वळली. पूर्ण वळली आणि तिने बहिणीच्या डोळ्यांत बघत हात खाली आणला.

आणि पन्नास वर्षांत कधी चुकली नव्हती ती आर्डेला चुकली. तिने तोंड उघडलं, त्यातून सूर निघेना. तिच्या मागच्या बायका तिच्या भरवशावर, त्याही अडकल्या. तीन बाजू गात होत्या आणि चौथी रिकामी होती.

तेव्हा ल्युवीना गायली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. खरखरीत, मोडका, ऐकवणार नाही असा आवाज, पण ओळ आल्टोची होती, मम्माने शिकवलेली, एकही वळण न घेता, बरोबर वेळेवर. ती एक पाऊल पुढे आली, तिने आर्डेलाचा हात धरून तिला बाकावरून उठवलं, आणि आर्डेला तिच्या आवाजात शिरली.